कारण निवडा

पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे:
बर्केट आणि मुलगा, पशुवैद्य.
मुलगा म्हणजे हेच, अ‍ॅलिस्टर, आता अठ्ठ्याहत्तरचे.
पाटी उतरवायची नाही, असं विक्रीच्या करारातच होतं.
काही बदललेलं नाही असं गावाला वाटलं पाहिजे.

बदललं ते आतल्या बाजूला.
औषधांचं कपाट बोटाच्या ठशावर उघडतं.
एका जनावराला पंधरा मिनिटं,
मग ते मांजर असो
की सतरा वर्षांचं मांजर.
दर सोमवारी लीड्सहून तक्ता येतो:
माणशी किती रक्तचाचण्या, किती दात,
कोण हिरव्यात, कोण लाल रेघेखाली.
मागच्या महिन्यात मी लाल.
मिसेस टायसनच्या सशाला गवत वाढवा म्हणाले
आणि नुसतंच घरी पाठवलं.

व्हलेन्सियाहून आलेली आमची डॉक्टर इनेस
औषधांच्या खोलीत उभ्यानं सँडविच खाते
आणि रडते, दोन्ही एकदमच.
वेळ वाचतो म्हणते.
बाहेर लोक माझ्यावर ओरडतात,
प्राण्यांच्या जिवावर गबर झालात.
माझ्या स्वतःच्या कुत्रीचे दात
मी हप्त्यांनी काढलेत.

मंगळवारी, पेनरिथच्या बाजाराच्या दिवशी,
ते मॉसला घेऊन आले आणि रांगेत बसले.
काउंटरवरच्या नव्या मुलीनं विचारलं,
पहिल्यांदाच येताय का आमच्याकडे?
हो, म्हणाले,
या बाजूनं पहिल्यांदाच.

टेबलावर चढवताना म्हणाले, प्लीहा.
घरीच हातानं चाचपून आले होते.
तरी मला वाचून दाखवावंच लागलं,
स्क्रीनवरचं सगळं, ओळीनं:
चांगला पर्याय, अधिक चांगला, सर्वोत्तम.
ते ऐकत राहिले, मान थोडी कलती ठेवून,
जसं शेतकऱ्यांचं ऐकायचे.
त्यांना हवं होतं ते सर्वांत शेवटी होतं,
दर वजनानुसार.

राग होताच माझा त्यांच्यावर.
विकलं ते यांनीच.
मुलगी टोरंटोला, गुडघे गेलेले,
घेणारं दुसरं कोण होतं?
मला विचारायला हवं होतं, असं मी वर्षभर म्हणत राहिले.
विचारलं असतं तर काय,
खात्यात नऊशे पौंड होते माझ्या.

इनेसनं सुई भरली.
शीर धरायला मी हात पुढे केला
तर त्यांचा अंगठा आधीच तिथे होता.

नंतर टेबल त्यांनीच पुसलं.
कडेकडून आत, दोनदा,
मी एकोणीस वर्षांची असताना
मला ओरडून शिकवलं होतं तसं.
त्याच फेब्रुवारीत पोस्टलथ्वेटच्या गोठ्यात
वासरू निपचित पडलं होतं,
आणि यांनी एक गवताची काडी उचलून माझ्या हातात दिली.
बिल म्हणून आले बटाटे, एक पोतं.
वहीत लिहिलं, मिळाले.

मी तपासणी फी खोडली.
फक्त तेवढीच, बाकी सगळं लावलं.
स्क्रीन म्हणाली, कारण निवडा:
ग्राहक नाराज.
स्पर्धकाचा दर कमी.
तांत्रिक चूक.
अन्य.
अन्य दाबलं की एक चौकट उघडते,
चाळीस अक्षरांची.
मी लिहायला लागले,
यांनी मला वासराच्या नाकात काडी घालून श्व
आणि चौकट भरली.

मागे कोणाचा तरी पोपट खोकत होता.
पुढचे पंधरा सुरू झाले होते.
खिडकीतून त्यांची गाडी दिसत होती,
शेजारच्या सीटवर गुंडाळलेला पट्टा,
आणि ते चावी हातात धरून बसलेले,
लावत नव्हते.